गेमिंग पीसीचे पार्ट निवडताना सुरुवात पडद्यापासून करा

प्रश्न थोडक्यात असा. १४४०पी, १८० हर्ट्झचा मॉनिटर घेऊन झालाय, आता त्याला साजेसा पीसी जोडायचाय. यादीत आहेत: रायझेन ९ ९९५०एक्स प्रोसेसर, एक्स८७०ई मदरबोर्ड, १६ जीबीच्या चार रॅम, ८ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, पीसीआयई ५.०चा २ टीबी एसएसडी, ३६० मिमीचा लिक्विड कूलर, समोरून पूर्ण काचेचं कॅबिनेट आणि ‘७५० वॅट गोल्ड’ एवढंच लिहिलेला एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज देणारा डबा). खेळायचे आहेत मोठे कथाप्रधान गेम आणि संध्याकाळी मित्रांबरोबर ऑनलाइन शूटर. यादी ठीक आहे का, आणि एखादा पार्ट चांगला की वाईट हे स्वतःचं स्वतः कसं ठरवायचं, असं तुम्ही विचारलंय.

यादीतला एकेक पार्ट सुटा पाहिला तर बहुतेक उत्तम आहेत. पण हा पीसी गेमसाठी नाही, व्हिडिओ एडिटिंगसाठी लावल्यासारखा दिसतो. सगळा जोर प्रोसेसर, बोर्ड आणि एसएसडीवर गेलाय आणि पडद्यावर चित्र काढणाऱ्या कार्डाच्या वाट्याला उरलंसुरलं आलंय. बहुतेकांची यादी अशीच बनते, कारण आपण प्रोसेसरपासून सुरुवात करतो. मी नेहमी उलट सांगतो: आधी मॉनिटर, मग कार्ड, मग त्या कार्डाला पुरेल असा प्रोसेसर, आणि बाकी सगळं त्यानंतर.

मॉनिटर आधी का, ते आकड्यांत बघा. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे सुमारे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे सुमारे ८३ लाख. म्हणजे १०८०पीवरून १४४०पीवर गेलात की कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये पावणेदोन पटींहून जास्त पिक्सेल रंगवावे लागतात. दुसरी गोष्ट वेळेची. ६० एफपीएसला (म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १८० एफपीएसला फक्त ५.६. तेवढ्या वेळात प्रोसेसरने खेळाडूंच्या हालचाली, टक्कर, शत्रूंचे निर्णय हे सगळं हिशेबात घेऊन कार्डाला ‘आता हे काढ’ असं सांगायचं आणि कार्डाने ते काढायचं. दोघांचं काम बऱ्याच अंशी समांतर चालतं. म्हणून ज्याला जास्त वेळ लागतो तोच शेवटचा एफपीएस ठरवतो, आणि दुसरा कितीही ताकदवान असला तरी त्याची वाट पाहत बसतो.

रिझोल्यूशन वाढवलं की मुख्यतः कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. एफपीएसचं लक्ष्य वाढवलं की दोघांचंही काम वाढतं. तुमच्या कथाप्रधान गेममध्ये १४४०पीवर, सगळी सेटिंग्ज वर ठेवून, घोडं कार्डापाशी पेंड खाणार. शूटरमध्ये सेटिंग्ज खाली आणून १८० एफपीएस गाठायला जाल तेव्हा ते प्रोसेसरपाशी खाईल. एकाच मशीनला दोन्ही जमवायचं आहे, हे धरून पुढचं वाचा.

आता जो कुठला पीसी हाताशी असेल त्यावर हा प्रयोग करून बघा, कुठलंही परीक्षण वाचण्यापेक्षा यातून जास्त कळेल. गेममधली एखादी जड जागा शोधा, गर्दीचा चौक किंवा दाट जंगल, आणि तिथे उभं राहून एफपीएस लिहून घ्या. मग बाकी काही न बदलता रिझोल्यूशन ७२०पीवर आणा. एफपीएस उसळला तर अडथळा कार्डाचा होता. आकडा जवळपास तिथेच राहिला तर अडथळा प्रोसेसरचा, आणि मग नवं कार्ड घेऊन त्या जागी काही फरक पडणार नाही. सोबत कार्डाचा वापर किती टक्के आहे तेही बघा. तो ९७-९९ टक्क्यांवर टेकलेला असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. एफपीएसवर मर्यादा लावलेली नसतानाही तो ६०-७० टक्क्यांवर असेल तर कार्ड कुणाची तरी वाट पाहतंय. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नका. ९९५०एक्समध्ये १६ कोअर आणि ३२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे धागे) आहेत. त्यातला एक थ्रेड शंभर टक्के भरला तरी एकूण वापरात त्याचे जेमतेम ३ टक्के दिसतात. बहुतेक गेमचा मुख्य धागा एकच असतो आणि तो अडला की सगळा गेम अडतो. ‘प्रोसेसर तर २५ टक्केच चाललाय, म्हणजे दोष कार्डाचा’ हा निष्कर्ष त्यामुळेच चुकतो.

तेव्हा गेमसाठी १६ कोअर घेऊन हाती फारसं काही लागत नाही. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडर किंवा मोठे प्रोग्राम कंपाइल करणं हे रोजचं काम असेल तर ९९५०एक्स जरूर घ्या. फक्त खेळायचं असेल तर आठ कोअरचा ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी गेममध्ये त्याच्यापुढे जातो. कारण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीत आहे. गेमचा मुख्य धागा सतत विखुरलेला डेटा मागत असतो. तो प्रोसेसरच्या आत मिळाला नाही तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि तोवर कोअर रिकामा बसतो. ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश एकाच आठ-कोअर चिपलेटवर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपवर) आहे. ९९५०एक्सची ६४ एमबी दोन चिपलेटमध्ये ३२-३२ अशी वाटलेली आहे. हाच प्रकार २०२२ साली ५८००एक्स३डीने पहिल्यांदा दाखवला आणि म्हणूनच तो प्रोसेसर एएम४ या एएमडीच्या आधीच्या सॉकेटच्या जुन्या बोर्डांवर अजून टिकून आहे. एक्स३डी बजेटमध्ये बसत नसेल तर सहा कोअरचा ९६००एक्स घ्या आणि वाचलेलं सगळं कार्डात घाला. १४४०पीवर कथाप्रधान गेममध्ये त्याचा फरक तुम्हाला क्वचितच जाणवेल.

ग्राफिक्स कार्डावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा बदलही तिथेच सुचवतो. ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतं. चिप तीच, खोक्यावरचं नाव तेच. पण आजचे मोठे गेम १४४०पीवर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) पूर्ण वर ठेवले की ८ जीबी सहज ओलांडतात. मेमरी भरली की उरलेला डेटा मदरबोर्डवरच्या रॅममध्ये ठेवून पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या वाटेने ये-जा करावी लागते, आणि ही वाट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी अरुंद असते. त्यात हे कार्ड या वाटेच्या १६ऐवजी ८ लेनच वापरतं, त्यामुळे पीसीआयई ३.०च्या जुन्या बोर्डावर आणखी हाल. दिसतं काय, तर कोपऱ्यावर वळलात की झटका बसतो. काही गेम झटका टाळायला गुपचूप कमी दर्जाचं टेक्श्चर लावतात आणि समोरची भिंत धुरकट राहते. एफपीएसचा आकडा मात्र छान दिसत राहतो. १४४०पीचा मॉनिटर घेतलेल्याने १६ जीबीच्या खाली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. १२ जीबीवर आज बरंच निभतं, पण चार-पाच वर्षं कार्ड बदलायचं नसेल तर १६च. प्रोसेसर आणि बोर्डात वाचलेल्या पैशांत आरएक्स ९०७०, ९०७० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०७० टीआय यांपैकी काही बसतं का ते बघा. तिन्हींवर १६ जीबी आहे. त्यातलं काहीच बसलं नाही तर निदान ५०६० टीआयचाच १६ जीबीचा प्रकार घ्या.

नावांच्या बाबतीत नाव मोठं, लक्षण खोटं असा प्रकार पूर्वीपासून आहे. जीटीएक्स १०६०च्या ३ जीबी प्रकारात नुसती मेमरी कमी नव्हती, कोअरही १२८०ऐवजी ११५२ होते. आरटीएक्स ३०६० आधी १२ जीबी आणि १९२ बिट बसचं (बस म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातली वाट) आलं. नंतर त्याच नावाने ८ जीबी आणि १२८ बिटचंही आलं. जीटी १०३०चा एक प्रकार जीडीडीआर५ऐवजी डीडीआर४ लावून विकला गेला. म्हणून खोक्यावरच्या मॉडेल नावाबरोबर मेमरी किती, कुठल्या प्रकारची, बस किती बिटची आणि लेन किती, या चार गोष्टी वाचल्याशिवाय कार्ड ठरवू नका. ‘ओसी’, ‘गेमिंग’, ‘प्रो’ या शेपट्यांना फार महत्त्व देऊ नका. एकाच चिपच्या दोन कार्डांत वेगाचा फरक थोडका असतो. खरा फरक कूलरचा, आवाजाचा आणि वॉरंटीचा.

परीक्षणं वाचताना सरासरी एफपीएसच्या पुढे बघा. समजा एका सेकंदाच्या आसपास १०० फ्रेम निघाल्या. ९९ फ्रेम प्रत्येकी ८ मिलिसेकंदांत आल्या आणि एक २०० मिलिसेकंदांत. एकूण ९९२ मिलिसेकंद, म्हणजे सरासरी १०० एफपीएस. आकडा देखणा आहे, पण मधे एक पंचमांश सेकंद पडदा गोठला होता आणि शूटरमध्ये तेवढ्यात तुम्ही मेलेले असता. हा झटका ‘१ टक्का लो’ या आकड्यात पकडला जातो. सर्वांत संथ १ टक्का फ्रेमवरून तो काढतात. सरासरी १२० आणि १ टक्का लो ९० असलेलं कार्ड हातात घ्या, १४० आणि ५५ असलेलं ठेवून द्या. शक्य असेल तिथे फ्रेमटाइमचा आलेखच बघा. रेषा सपाट हवी, दातेरी नको.

परीक्षणात आणखी दोन ठिकाणी गफलत होते. प्रोसेसरच्या चाचण्या सर्वांत मोठं कार्ड लावून १०८०पीवर घेतात आणि लोक म्हणतात, ‘असं कोण खेळतं?’ तिथे कार्डाचा अडथळा मुद्दाम काढून टाकलेला असतो, म्हणजे प्रोसेसर जास्तीत जास्त किती एफपीएस देऊ शकतो ते कळतं. हवा असलेला एफपीएस त्या मर्यादेच्या आत असेल तर तो प्रोसेसर तुम्हाला पुरे. दुसरं म्हणजे डीएलएसएस किंवा एफएसआर चालू होतं का ते तपासा. क्वालिटी मोडमध्ये १४४०पीचं चित्र आतून सुमारे ९६०पीवर काढून मोठं केलं जातं. मी स्वतः ते चालू ठेवायला सांगतो, चित्र चांगलं येतं. पण त्यामुळे कार्डावरचा भार उतरून प्रोसेसर लवकर उघडा पडतो, हे लक्षात असू द्या. फ्रेम जनरेशनचे आकडे मात्र वेगळ्या रकान्यात ठेवा. त्यात मधल्या फ्रेम तयार करून घातलेल्या असतात. हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउसला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्याच वेगाचा राहतो, किंबहुना किंचित मागे पडतो. मूळ ६० एफपीएस असतील तर कथाप्रधान गेममध्ये ते छान वाटतं. मूळ ३० असतील तर आकडा दुप्पट दिसूनही हाताला जडपणा जाणवतो. शूटरमध्ये ते बंदच ठेवा.

रॅमच्या चार पट्ट्या यादीतून काढा. एएम५वर, म्हणजे या रायझेन प्रोसेसरांच्या सॉकेटवर, चार पट्ट्या लावल्या की मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. रायझेन ९००० मालिकेला एएमडीने दोन पट्ट्यांसाठी ५६०० आणि चार पट्ट्यांसाठी ३६०० इतकाच अधिकृत वेग दिलाय. त्यापुढे जाईल की नाही ते बोर्डावर आणि नशिबावर. १६ जीबीच्या दोन म्हणजे ३२ जीबी, गेमला भरपूर. ६४ हवेच असतील तर ३२च्या दोन घ्या. वेगाचा आकडा एकटा वाचू नका. सीएलला (रॅमला उत्तर द्यायला किती चक्रं लागतात तो आकडा) २०००ने गुणून वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतात. ६००० सीएल३०चे १० नॅनोसेकंद, ६००० सीएल३६चे १२, आणि ४८०० सीएल४०चे जवळजवळ १६.७. ६००० सीएल३० या प्लॅटफॉर्मला नीट मानवते. एक्स३डी घेतलात तर मोठ्या कॅशमुळे हा फरक आणखी कमी होतो, तिथे सीएल३६वरही भागतं.

पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्यांना बहुधा ए२ आणि बी२ म्हटलेलं असतं. पहिल्या आणि दुसऱ्यात बसवल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात आणि बँडविड्थ निम्मी होते. नंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमला तिचा छापील वेग लावणारी सोय, चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८०० किंवा ५६००वरच चालत राहते. वर्षानुवर्षं तशीच चाललेली मशीनं मी पाहिली आहेत. आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नका, एएम५ मेमरी ट्रेनिंग करतं, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतं.

मदरबोर्ड बी८५० किंवा चांगला बी६५० पुरेसा आहे. एक्स८७०ईमध्ये जादा पोर्ट आणि जादा लेन मिळतात, एफपीएस मिळत नाहीत. बघायचं ते हे: व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) धड हीटसिंक आहे का, मागे यूएसबी किती, प्रोसेसर न लावता बायोस अपडेट करायचं बटण आहे का. नवा प्रोसेसर आणि गोदामात पडून राहिलेला बोर्ड ही जोडी जमली नाही तर तेच बटण तारतं. पुस्तिकेत एसएसडीच्या एम.२ खाचांचा तक्ताही वाचा. काही बोर्डांवर एखादी खाच भरली की ग्राफिक्सची खाच १६ऐवजी ८ लेनवर येते. सॉकेटची काळजी नको, एएमडीने एएम५ला निदान २०२७पर्यंत साथ देण्याचं जाहीर केलंय.

एसएसडी पीसीआयई ४.०चा घ्या. ५.०चा फाइल कॉपी करताना झपाट्याने पळतो, गेम लोड होताना फरक हाताला लागत नाही आणि गरम जास्त होतो. टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारा) असावा, जागा २ टीबी योग्यच आहे.

कूलर आणि कॅबिनेट यांचा विचार एकत्र करा. ७८००एक्स३डी गेममध्ये साधारण ५० ते ८० वॅट घेतो, त्याला दुहेरी टॉवरचा चांगला एअर कूलर भरपूर होतो. त्यात पंप नाही, पाणी नाही, बिघडलाच तर फॅन. कूलरच्या तळाचं संरक्षक प्लॅस्टिक मात्र काढायला विसरू नका. तापमान सुरुवातीलाच ९०च्या घरात गेलं तर पहिला संशय त्या प्लॅस्टिकचा घ्या. काचेच्या दर्शनी भागाऐवजी जाळीचं कॅबिनेट घ्या. ३०० वॅटचं कार्ड आत तापत असताना समोरून हवाच आली नाही तर फॅन ओरडत राहतात. घेण्याआधी कार्डाची लांबी, कूलरची उंची आणि एसएमपीएसची लांबी कॅबिनेटच्या मापांशी जुळवून बघा. समोर रेडिएटर लावणार असाल तर त्याची जाडी कार्डाच्या जागेतून वजा होते.

एसएमपीएसबद्दल मी हट्टी आहे. ‘७५० वॅट गोल्ड’ हे पार्टचं नाव नव्हे. ८० प्लस गोल्ड म्हणजे निम्म्या भारावर सुमारे ९० टक्के कार्यक्षमता, बस. ती चाचणी २३ अंश सेल्सियसला होते. आतले कपॅसिटर कसे आहेत, व्होल्टेज किती स्थिर आहे, शॉर्ट झाल्यावर संरक्षण वेळेत लागतं का, यातलं काहीही तो शिक्का सांगत नाही. नेमका मॉडेल क्रमांक घ्या आणि एसएमपीएस उघडून, भार देऊन केलेलं परीक्षण शोधा. ते मिळत नसेल तर वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा, चांगल्या युनिटवर सात ते दहा वर्षं असते. बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात ६२ अँपिअर असेल तर १२ गुणिले ६२ म्हणजे ७४४ वॅट, जवळपास सगळी ताकद जिथे हवी तिथे आहे. तिथे ४५ अँपिअर दिसले तर तो ७५० नव्हे, ५४० वॅटचाच समजा.

वॅटचा हिशेब सोपा आहे. कार्ड ३००, प्रोसेसर १००, बाकी सगळं ५०-६०, म्हणजे ४५०-४६०. मग ७५० कशाला? कारण कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या बरंच वर उसळतं. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच १०० मायक्रोसेकंदांसाठी नोंदलेल्या वॅटच्या दुप्पट उसळी सोसण्याची अट आली. एटीएक्स ३.० किंवा ३.१चा चांगला ७५० वॅट तुम्हाला पुढच्या कार्डालाही पुरेल. कार्डाला १६ पिनांचा कनेक्टर असेल तर १२व्ही-२x६ केबल सोबत येणारा एसएमपीएस बघा. प्लग फट दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला आणि लगेच पुढे केबल वाकवू नका. अर्धवट बसलेल्या प्लगमध्ये थोड्या पिनांवर सगळा प्रवाह येतो आणि प्लॅस्टिक वितळतं.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो: जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका, कंपनी तीच असली तरी. कार्डाकडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. प्लग चपखल बसतो, पण १२ व्होल्ट भलत्याच पिनेवर येतात आणि बटण दाबताक्षणी हार्डडिस्क किंवा बोर्ड जळतो.

जोडून झाल्यावर परतीची मुदत संपायच्या आत सगळं तपासून घ्या, आणि याच क्रमाने. आधी रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६चा पूर्ण फेरा रात्रभर लावा. एकही चूक आली तर रॅम परत. मग ओसीसीटीमध्ये प्रोसेसर आणि कार्ड एकाच वेळी राबवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा, म्हणजे एसएमपीएसचीही परीक्षा होते. या वेळी पीसी धाडकन बंद पडला तर आधी एसएमपीएस आणि त्याच्या केबल बघा. निळा पडदा आला तर एक्स्पो बंद करून पुन्हा चालवा. सगळं पार पडलं की मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डालाच लावलीये ना ते बघा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १८०वर करा. तो बऱ्याचदा ६०वरच असतो. नंतर तुमच्या दोन गेममधल्या त्याच जड जागी उभं राहून कॅपफ्रेमएक्सने मिनिटभराची नोंद घ्या आणि ती फाइल जपून ठेवा. दोन वर्षांनी ‘पीसी मंदावलाय का?’ असं वाटलं की तुलनेला तीच हाताशी असेल.